उलटा बट्टा

नाण्यावर तीन ओळी आहेत. पहिल्या ओळीतल्या ‘श्री’चा माथा काठाबाहेर गेलेला. दुसरीतला ‘राजा’ ठळक, पूर्ण. तिसऱ्या ओळीत ‘शं’, त्याच्यापुढे ‘भ’चा निम्मा भाग, आणि त्या निम्म्या ‘भ’च्या पायाशी एक उकार. बाजरीच्या दाण्याएवढा. नाणं तांब्याचं, जाडजूड, कडेला एका ठिकाणी चिरलेलं, रंग जुन्या समईच्या बुडासारखा. मोडीत घातलं तर फार तर दहा रुपयांचं तांबं.

‘‘दिसला?’’ समोरच्या गृहस्थांनी विचारलं. त्यांनी माझ्या हातात भिंग दिलं होतं आणि टेबलावरचा दिवा खाली ओढून तिरका केला होता. समोरून उजेड टाकला तर घासलेली अक्षरं पुसल्यासारखी वाटतात. बाजूनं टाकला की सावली पडते आणि अक्षर उभं राहतं.

उकार दिसला.

‘‘याच्यासाठी मी तेव्हा नव्या स्कूटरचे पैसे मोजले.’’

‘‘आणि स्कूटर मात्र जुनीच राहिली,’’ चहाचे कप ठेवता ठेवता काकू म्हणाल्या. त्या हसत होत्या.

पुण्याच्या एका पेठेतलं हे घर. काकांनी जन्मभर हिशेबनीसाची नोकरी केली. त्यांचं नाव छापायचं नाही, ही बोलण्याआधीची अट. घरात नाणी आहेत हे चारचौघांत झालं की रात्रीची झोप जाते, असं ते म्हणाले, आणि नाणी जमवणाऱ्या ज्या ज्या माणसांना या लेखासाठी भेटलो त्या प्रत्येकानं हीच अट घातली. त्यामुळे या लेखात माणसं निनावी आहेत. नाण्यांना नावं आहेत.

काकांकडे ‘श्री राजा शिव’ लिहिलेल्या तांब्याच्या शिवराया दोनशेच्या वर आहेत. मागच्या बाजूला दोन ओळींत ‘छत्र’ आणि ‘पति’. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या सुमाराला सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई अशी दोन नाणी महाराजांच्या नावानं निघाली. होन जेमतेम पावणेतीन ग्रॅमचा. खरे होन आज हाताच्या बोटांवर मोजावे इतके क्वचित समोर येतात आणि आलेच तर कित्येक लाखांची बोली लागते. शिवराईचं तसं नाही. ती पुढे सातारकर छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळात वर्षानुवर्षं पडत राहिली. महाराजांचं नाव नाण्यावर तसंच राहिलं. ठसे कोरणारे कारागीर गावोगावचे, त्यामुळे कुठे ‘शिव’, कुठे ‘सिव’, कुठे ‘सीव’, कुठे ‘पति’चा ‘पती’ झालेला. जमवणारे या ऱ्हस्वदीर्घाच्या याद्या करतात. शाळेत शुद्धलेखनाला मार्क कापणाऱ्या आपल्या समाजात चुकलेल्या वेलांटीवर माणसं जीव टाकताना पाहून मला फार बरं वाटलं.

संभाजी महाराजांचं नाव असलेलं नाणं मात्र दुर्मिळ. १६८० ते १६८९ ही नऊ वर्षं, त्यातला बहुतेक काळ मोगलांशी लढण्यात गेलेला. नाणी पडली ती थोडी, टिकली त्याहून थोडी. आणि जी टिकली ती ओळखायची कशी, हा खरा पेच. ठसा मोठा असायचा आणि तांब्याची चकती लहान. खालचा ठसा ऐरणीत पक्का बसवलेला, मधे चकती, वरचा ठसा हातात, त्यावर घण. चकती जरा सरकली की मजकूर बाहेर. पूर्ण लेख कोणत्याच नाण्यावर उतरत नाही. एकावर वरची ओळ, दुसऱ्यावर खालची. काकांकडे आधीपासून दोन नाणी अशी होती की तिसऱ्या ओळीत फक्त ‘श’चं पोट. वरचा भाग काठाबाहेर, पुढचं अक्षर काठाबाहेर. वेलांटी होती की अनुस्वार होता, सांगता येत नव्हतं. ‘शि’ की ‘शं’? बाप की लेक?

‘‘अकरा वर्षं मी त्या ‘श’कडे बघत होतो,’’ काका म्हणाले. ‘‘मग कॅटलॉगात हे आलं. फोटोत उकार दिसला. त्या रात्री मी जेवलो नाही.’’

कॅटलॉगात जी अंदाजी किंमत छापली होती तिच्या पाचपटीवर बोली थांबली. हॉलमध्ये शेवटी दोघंच उरले होते. दुसऱ्यानं पाटी खाली ठेवली आणि उठून काकांच्या पाठीवर हात ठेवला. त्यालाही तोच उकार दिसला होता.

हौसेला मोल नाही, असं आपण म्हणतो आणि विषय संपवतो. मला या म्हणीपुढे जायचं आहे. या माणसांबरोबर काही महिने बसल्या-उठल्यावर माझं मत असं झालं आहे की नाण्याला जो वेड्यासारखा भाव देतो तो बहुतेक वेळा नाण्यातल्या धातूला देत नाही, जुनेपणाला देत नाही, दुर्मिळपणालाही नुसत्या देत नाही. त्याच्या मनात एक कोडं वर्षानुवर्षं पडलेलं असतं आणि ते नाणं त्या कोड्याचं उत्तर घेऊन येतं. जास्तीची किंमत त्या उत्तराची असते. ज्याला कोडंच पडलेलं नाही त्याला ती किंमत नेहमीच जास्त वाटणार.

आपल्याकडच्या सराफांच्या व्यवहाराकडे पाहिलं तर हे अधिक उलगडतं. रुपया म्हणजे रुपया ही समजूत फार अलीकडची. अठराव्या शतकातल्या मराठी मुलखात रुपया कोणता, हा पहिला प्रश्न असे. पुण्याचा अंकुशी, चांदवडचा चांदवडी, पन्हाळी, मलकापुरी. नावं बहुतेकांवर दिल्लीच्या बादशहाची, फारसी लिपीत. टांकसाळ ओळखायची ती एखाद्या खुणेवरून. पुण्याच्या रुपयावर अंकुश असायचा आणि गावाचं नाव औरंगजेबानं दिलेलं, मुहियाबाद. नाशिकच्या रुपयावर गुलशनाबाद. अहिल्याबाईंच्या काळातल्या होळकरी रुपयावर शिवलिंग आणि बेलाचं पान. एका गावचा रुपया दुसऱ्या गावी गेला की सराफ तो काट्यावर घालणार, फरशीवर वाजवणार, कडेला छोटा छाप मारून चांदी तपासणार आणि मग सांगणार, इतका बट्टा. झिजलेल्याला बट्टा, परमुलखातल्याला बट्टा. बंगालमध्ये तर सिक्का रुपया पडल्यावर पहिलं वर्ष पुऱ्या भावानं चाले आणि पुढच्या वर्षी त्याच चांदीला, तेवढ्याच वजनाला बट्टा बसे, केवळ त्याचं वर्ष जुनं झालं म्हणून. माणसाच्या नावाला बट्टा लागतो, हा आपला शब्दप्रयोग याच पेढीवरून घरात आलेला आहे.

जमवणारा माणूस हाच हिशेब उलटा करतो. जुनं वर्ष? जास्त द्या. परमुलखातलं? जास्त द्या. आडगावची, दोन वर्षं चाललेली टांकसाळ? वाटेल ते द्या. कडेला सराफाचा छाप असला तर मात्र तो हळहळतो, कारण तेवढ्या जागेतलं अक्षर मेलं. सराफ कापून घ्यायचा तिथे हा वर घालतो. याला मी मनाशी उलटा बट्टा म्हणू लागलो.

१६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झेंडन हा मुंबईचा इंग्रज वकील रायगडावर होता. इंग्रजांच्या मागण्यांमध्ये एक कलम असं होतं की मुंबईचं नाणं महाराजांच्या मुलखात चालावं. त्यावरचं उत्तर इंग्रजांच्याच कागदांत नोंदलेलं आहे. त्याचा मथितार्थ असा, की कोणतंही नाणं चालायला आमची बंदी नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान आहे ते नाणं घ्या अशी जबरदस्तीही आम्ही करू शकत नाही. तुमचं नाणं मोगलांच्या नाण्याइतकं कसाचं आणि वजनाचं असेल तर ते चालेल. नाण्याची किंमत हुकमानं ठरत नाही, घेणाऱ्याच्या खात्रीनं ठरते, हे इतकं स्वच्छ सांगणारा राजा त्या काळी दुसरा कोणता होता, मला माहीत नाही. काकांनी हा प्रसंग मला तीनदा सांगितला. तिन्ही वेळा त्यांचा आवाज तितकाच भरून आला.

घेणाऱ्याची खात्री किती वर जाऊ शकते याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, ‘डबल ईगल’, साल १९३३. त्या वर्षी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत अशी ४,४५,५०० नाणी पडली. पण मंदीचे दिवस होते. एप्रिल १९३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी हुकूम काढून लोकांकडचं सोनं सरकारजमा करायला लावलं, आणि ही नवी नाणी व्यवहारात आलीच नाहीत. १९३७ मध्ये ती वितळवून टाकली. वितळायच्या आधी थोडी टांकसाळीतून चोरून बाहेर गेली आणि फिलाडेल्फियाच्याच इझ्राएल स्विट नावाच्या जवाहिऱ्याच्या हातून फुटली.

त्यातलं एक इजिप्तच्या राजा फारूककडे पोचलं. फारूक हा भस्म्या झाल्यासारखा जमवणारा. १९४४ मध्ये त्याच्या माणसांनी ते नाणं अमेरिकेबाहेर न्यायचा रीतसर परवाना मागितला आणि अधिकाऱ्यांनी तो देऊनही टाकला. चोरीचा माल आहे हे सरकारच्या ध्यानात आलं ते त्यानंतर. १९५२ मध्ये फारूकचं राज्य गेलं, १९५४ मध्ये कैरोला त्याच्या संग्रहाचा लिलाव झाला, अमेरिकेच्या सांगण्यावरून हे नाणं लिलावातून काढलं गेलं आणि नाहीसं झालं. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात स्टीफन फेंटन हा इंग्रज व्यापारी ते विकताना पकडला गेला. खटला पाच वर्षं चालला. त्यातून जी तडजोड झाली तिचं मूळ त्या चुकून दिलेल्या परवान्यात होतं: सरकारनं एकदा हात लावून सोडलेलं हे एकच नाणं, म्हणून खासगी माणसाला बाळगता येईल असंही हे एकच. खटल्याच्या काळात ते न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरमधल्या तिजोरीत होतं. २००१च्या जुलैत ते तिथून फोर्ट नॉक्सला हलवलं. सप्टेंबरात वर्ल्ड ट्रेड सेंटरचं काय झालं ते सांगायला नको.

३० जुलै २००२ रोजी लिलाव झाला. किंमत आली ७५,९०,०२० डॉलर. शेवटच्या वीस डॉलरांकडे पाहा. ते वेगळे भरावे लागले, कारण हे नाणं टांकसाळीतून अधिकृतपणे कधी बाहेरच पडलं नव्हतं. वीस डॉलर जमा झाले तेव्हा ते कायद्यानं नाणं झालं. पंचाहत्तर लाख नव्वद हजार उलट्या बट्ट्याचे आणि वीस दर्शनी.

घेणारा कोण, हे एकोणीस वर्षं गुपित राहिलं. २०२१ मध्ये ते पुन्हा लिलावाला आलं तेव्हा कळलं, स्टुअर्ट वाइट्झमन, बुटांचे प्रसिद्ध डिझायनर. या खेपेला किंमत आली जवळपास १ कोटी ८९ लाख डॉलर, तेव्हाच्या दरानं १३५ कोटी रुपयांच्या पुढे. त्यातलं सोनं दोन हजार डॉलरांचंही नव्हतं. वर्तमानपत्रांनी नफ्याचे मथळे दिले. पण त्याच दिवशी, त्याच माणसाचं ब्रिटिश गियानाचं एक सेंटचं जगप्रसिद्ध तिकीटही विकलं गेलं. २०१४ मध्ये ते त्यांनी सुमारे ९५ लाख डॉलरला घेतलं होतं. गेलं सुमारे ८३ लाखांना. लहानपणी तिकिटं चिकटवणाऱ्या पोरानं ज्या वस्तू वहीत नुसत्या चित्रात पाहिल्या होत्या त्या मोठेपणी त्यानं विकत घेतल्या. एकीत पैसे वाढले, एकीत बुडाले. घेताना त्याला हे ठाऊक असणं शक्य नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी तिकीट त्यानं सोडलं नसतं, असं मला वाटतं.

डॉलरमधून परत आपल्या मातीत येऊ. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. तेरा हजारांवर नाणी. रेव्हरंड स्कॉट यांनी ती तपासली आणि मोजदाद छापली: एकूण सुमारे १३,२५०, त्यांपैकी ९,२७० नाण्यांवर दोनदा छाप. मुळात ती क्षहरात राजा नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा, भोवती ग्रीक वळणाची अक्षरं, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाचा पाडाव केल्यावर ती नाणी गोळा केली आणि वितळवण्याऐवजी त्यांच्यावरच आपला ठसा मारला: एकीकडे कमानींचा चैत्य, दुसरीकडे उज्जैनीचं चिन्ह. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईचा लेख आहे, त्यात तिनं मुलानं क्षहरातांचा वंश निखंदून काढल्याचं सांगितलं आहे. दगडावर जे आईनं लिहिलं ते चांदीवर मुलानं आधीच मारून ठेवलं होतं.

त्याच लेण्यांमध्ये नहपानाचा जावई उषवदात याच्या दानलेखात सत्तर हजार कार्षापणांची रक्कम दिली आहे, आणि पस्तीसाला एक सुवर्ण या भावानं तिचे दोन हजार सुवर्ण होतात, असा हिशेबही कोरला आहे. चांदी-सोन्याचा दर डोंगरात कोरून ठेवणारा आपला हा मुलूख.

असं दुहेरी छापाचं एक नाणं मी नाशिकच्या एका संग्राहकाकडे हातात घेतलं. आपल्या नखाएवढं, चांदी पांढुरकी झालेली. चैत्याच्या कमानीखालून नहपानाचं नाक आणि वरचा ओठ बाहेर आलेला. डोळा चिरडला गेलेला. नुसता नहपान बाजारात मिळतो, वरचा छापही मिळतो; पण हरलेल्या राजाचा चेहरा आणि जिंकलेल्याचा शिक्का दोन्ही एकाच नाण्यावर वाचता यावेत असं क्वचित. ज्यांनी ते घेतलं त्यांनी शेजारच्या तशाच नाण्याच्या चौपट दिले. नाकासाठी. मी त्यांना विचारलं, जास्त झाले असं कधी वाटलं? त्यांनी नाणं माझ्या हातातून घेतलं, नीट कागदात घातलं, आणि मग म्हणाले, ‘‘कमी दिले असते तर दुसऱ्याकडे गेलं असतं. मग मला हे नाक बघायला त्याच्या घरी जावं लागलं असतं.’’

या प्रेमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण ती मला सलते. १९३९ मध्ये तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला सातवाहनांच्या नाण्यांचा साठा निघाला, दीड हजारांहून अधिक. वा. वि. मिराशींनी तो वाचला. कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांच्या वंशावळीत नसलेली नावं त्यातून मिळाली. दिसायला ही नाणी अगदी कळाहीन, मिश्र धातूची. पण साठा एकत्र राहिला, म्हणून कोण कोणाच्या आगेमागे याचा अंदाज बांधता आला. तोच साठा शंभर जणांच्या खिशात गेला असता तर? प्रत्येकाकडे एक सुंदर नाणं असतं आणि वंशावळ कोणाकडेच नसती.

१८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला कळवायचं. त्या कायद्यात एक कलम आहे ते मला फार अर्थपूर्ण वाटतं: सरकारला ते धन ठेवून घ्यायचं असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यायचा. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी सरकारनंही उलटा बट्टा मान्य केला होता, शेकडा वीस. पण शेतकऱ्याच्या मनात भीती बसलेली असते. नांगराला मडकं लागलं की पहिला विचार लपवायचा, दुसरा गावच्या सोनाराचा. आणि सोनाराच्या मुशीत सातवाहनही वितळतात आणि होळकरही. इथे संग्राहकाचा चढा भाव काही नाणी वाचवतो हे खरं आहे. वितळवण्यापेक्षा पुण्याला नेलं तर चारपट मिळतात हे कळलेला सोनार भट्टी पेटवत नाही. पण गावाचं नाव, शेताची जागा, मडक्यात सोबत काय होतं, हे सगळं वाटेतच गळतं. जुन्या बाजारातल्या पालावर नाणं येतं तेव्हा ते अनाथ झालेलं असतं. नदीतली वाळू चाळणारे झारेकरी निदान घाटाचं नाव सांगतात. ज्यांना नाण्यावर खरंच प्रेम आहे त्यांनी पैसे मोजताना ‘कुठून आलं’ हा प्रश्न आधी विचारावा आणि उत्तर नसेल तर हात मागे घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. काकांना हे पटतं. सगळ्यांना पटत नाही.

नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची एक संशोधन संस्था आहे. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानानं तिच्यासाठी उतारवयात कष्ट घेतले. तिथल्यासारखं काम चालू आहे म्हणून निदान नोंदी होतात. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानं शंभर वर्षांहून जुनं नाणं देशाबाहेर नेता येत नाही, तेही योग्यच आहे.

आणि मग खोटा भाव. गेली काही वर्षं मोबाइलवर फिरतं: वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाचाचं नाणं द्या, दहा लाख घ्या. ते नाणं २०१२ मध्ये निघालं, लाखोंनी लोकांच्या हातात आलं, आणि त्याची किंमत पाच रुपये आहे. माझ्या ओळखीच्या एका घरकाम करणाऱ्या ताईंनी असं नाणं जपून ठेवलं होतं. फोनवरच्या माणसानं आधी नोंदणीचे, मग कराचे, मग कमिशनचे पैसे मागितले. त्यांनी तीन वेळा भरले. मुलीच्या फीचे होते. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं पत्रक काढून सांगितलं की आपल्या नावानं असा व्यवहार करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका, बँक यात कुठेही नाही आणि कसलंही शुल्क मागत नाही. ते पत्रक ताईंपर्यंत पोचलं नाही. ज्या भावामागे कोणतंही कोडं नाही, कोणताही उकार नाही, तो भाव असा माणसाला लुबाडतो.

नाणंच खोटं असलं तर जाणत्यालाही घाम फुटतो. पंचम जॉर्जच्या १९११च्या रुपयावर बादशहाच्या अंगावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली, बहुतेक माल परत वितळवला गेला आणि पुढच्या वर्षी ठसा बदलला. तो ‘डुक्कर रुपया’ तरी मिळतो. पण सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया फारच दुर्मिळ. पुढच्याच वर्षी चांदीचं प्रमाण शेकडा ९१.७ वरून ५० वर आणलं गेलं. त्यामुळे १९३८च्या रुपयावरचा आठ खरवडून नऊ केलेला माल सर्रास फिरतो. काकांनी मला एक दाखवला. भिंगाखाली नवाच्या पोटाशी कानसेचे बारीक ओरखडे, एकाच दिशेनं गेलेले. ठशातून उतरलेल्या आकड्याची कड गोलसर असते, खरवडलेल्याची धारदार. शिवराई होनाच्या नकला ओतीव असतात. त्यांच्या पृष्ठावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे राहतात आणि कडेला साच्याची शिवण असते. चांदीचं नाणं बोटाच्या टोकावर ठेवून दुसऱ्या नाण्यानं हलकं वाजवायचं. खरं खणखणतं आणि नाद लांबत जातो. ओतीव ठक्क म्हणतं आणि गप्प होतं. काकांनी दोन्ही वाजवून दाखवली. मग मला डोळे मिटायला सांगितले आणि पुन्हा वाजवली. मी ओळखलं. काकू आतून म्हणाल्या, ‘‘आता तुम्हालाही लागणार.’’

निघायच्या आधी मी खिशातून माझी वस्तू काढली.

आमच्या आजीची पुतळ्यांची माळ होती. सासवडच्या घराचं छप्पर घालायला वडिलांनी ती मोडली. एकवीस पुतळ्या होत्या, वीस मुशीत गेल्या. एक आजीनं मुठीत धरून ठेवली. मला ती माळ आठवते, आजीच्या मानेला घामानं चिकटणारी. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचं सोन्याचं डुकाट. १२८४ पासून १७९७ मध्ये ते गणराज्य बुडेपर्यंत जवळपास त्याच रूपात पडत राहिलेलं, साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध सोनं. संत मार्कपुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती आणि मागे ताऱ्यांच्या महिरपीत उभा ख्रिस्त. व्यापारात ते इकडे आलं, आपल्या बायकांनी त्यावरच्या उभ्या बाहुल्या पाहिल्या आणि पुतळी म्हणून गळ्यात घातलं. पुढे इथल्या सोनारांनी तशीच पाडली.

काकांनी ती दिव्याखाली धरली. खूप वेळ बोलले नाहीत.

‘‘व्हेनिसची नाही. अक्षरं बघा, नुसत्या रेघा आहेत. कोरणाऱ्याला ती वाचता येत नव्हती. आपल्याकडची नक्कल.’’

‘‘मग काही किंमत नाही?’’

‘‘कडी जोडलीय, टाका मारलाय मागे. बाजारात सोन्याचा भाव, फार तर थोडं वर.’’ त्यांनी पुतळी काट्यावर ठेवली. इलेक्ट्रॉनिक काटा, दोन दशांश स्थळं दाखवणारा. आकडा थरथरला आणि ३.५२ वर थांबला. ‘‘कडीसकट,’’ ते म्हणाले. मग त्यांनी पुतळी बोटानं उलटवली, पुन्हा सुलटवली. ‘‘हे संताचं डोकं बघा. पागोटं घातलंय त्याला. हा ठसा मी पाहिलेला नाही.’’

त्यांनी एक रक्कम सांगितली. ती सोन्याच्या भावाच्या तिप्पट होती. मी नाही म्हणालो. त्यांना वाईट वाटलं नाही. उलट ते जरा सैलावून बसले, जणू हेच उत्तर हवं होतं. मग फोटो काढू का, असं विचारलं. दोन्ही बाजूंचे काढले, कडेचा वेगळा. खणातून एक छोटं पांढरं पाकीट काढलं, पेनाचं टोपण दातात धरलं आणि बारीक, हिशेबनीसाच्या अक्षरात लिहू लागले. पुतळी. सोनं. कडी जोडलेली. ३.५२ ग्रॅम.

‘‘आजींचं नाव?’’

मी सांगितलं.

‘‘माहेरचं?’’

तेही सांगितलं. सासवडच्या आधी त्या कुठे होत्या, माळ माहेरची की सासरची, कोणत्या सोनाराकडे ओवली होती, हे त्यांनी एकेक करून विचारलं. निम्म्याची उत्तरं मला येत नव्हती. तिथे त्यांनी जागा कोरी सोडली आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

‘‘आत्या आहेत ना तुमच्या?’’ ते म्हणाले. ‘‘त्यांना विचारून भरा. या दिवाळीत भेटतीलच.’’